बंबाची पाचर

कवळीबाईंना राग लवकर येतो, हे सगळ्या गल्लीला ठाऊक होतं. दातांचे डॉक्टर त्यांच्याकडे पेशंटच्या तोंडाचे साचे पाठवत आणि बाई घराच्या पुढच्या खोलीत बसून त्यांवर दात बसवत. एखाद्याने घाईघाईत वाकडातिकडा साचा पाठवला, की बाई फोन उचलून त्याला असं काही झाडत, की पुढे कितीतरी दिवस त्याचा माणूस दारात पाकीट ठेवून बेल न वाजवताच पळे. "कवळी गोंदावर टिकत नाही, मापावर टिकते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. "चिकटवावी लागली तर ती कवळी नव्हे, फसवणूक."

हाच नियम त्यांनी आपल्या छंदालाही लावला होता. दातांचं काम संपलं की त्याच टेबलावर, त्याच हत्यारांनी बाई लाकडाच्या गाड्या करत. ठोकळ्याला चार चाकं ठोकून पोरांपुढे टाकतात, तसल्या नव्हेत. बाईंचा ट्रक असला तर त्याचं स्टिअरिंग फिरवल्यावर पुढची चाकं वळणार, मागचा फाळका उघडणार, बॉनेटखाली इंजिन असणार आणि इंजिनाला पंखासुद्धा. दाढेच्या खाचा कोरायच्या ड्रिलने त्या टायरवरची नक्षी कोरत. नवरा लवकर गेला, पदरात एक लेक. बाईंनी तिला विकतची खेळणी फारशी आणली नाहीत. आई लोकांचे दात घासत बसली की शेजारी जमिनीवर बबडी त्या गाड्या खोलत आणि जोडत बसे.

सगळ्यांत अवघड झाला तो आगीचा बंब. वर सरकणारी शिडी, पाण्याची टाकी, नळीची गुंडाळी, पुढे नखाएवढी घंटा. कुठे खिळा नाही, गोंद नाही, रंगही नाही. लाल दिसे ते लाकूडच लाल. एका तुकड्याने दुसऱ्याला धरायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला, आणि सगळ्यांना धरून ठेवायला एक पाचर, ती घंटेखाली. घंटा अर्धी फिरवून ओढली की पाचर तिच्यासकट हातात येई आणि अख्खा बंब सुटा होई. दोन वर्षं गेली त्याच्यात. बबडीने नवं घर घेतलं तेव्हा बाईंनी तो तिला दिला. "शोकेसमध्ये मधोमध ठेव, कोपऱ्यात नको," एवढंच म्हणाल्या. घरी येऊन रडल्या, पण ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

जावई वाईट नव्हता. ज्याच्याबद्दल 'वाईट नाही' यापलीकडे काही सुचत नाही, तसला होता. गोड बोले, नीटनेटका राही, सासूला वाकून नमस्कार करी. बंब पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा म्हणाला होता, "छान आहे आई, कुठून घेतलात?"

म्हणून लेकीचा फोन आला तेव्हा बाईंचा आपल्या कानांवर विश्वास बसेना. "आई, तुझी ती छोटी हत्यारं रविवारी घेऊन येशील? याला हवीयत. आणि तुझा तो कामाचा एप्रन पण."

जावयाला शौक लागला! बाईंनी सगळी हत्यारं पुसली, धार लावली, चामड्याच्या गुंडाळीत नीट रचली. सुरुवातीला सोपं म्हणून ठेल्याचा सांगाडा करायला शिकवायचा, हेही वाटेत ठरवून टाकलं. लाल लाकडाचा एक छोटा तुकडा पिशवीत घातला. त्याला त्यांनी कित्येक दिवस कुणाला हात लावू दिला नव्हता.

बबडीच्या घरी गॅलरीत एक टेबल मांडलेलं होतं. टेबलावर आणि खाली भुसा पसरलेला होता. बाईंनी चिमूटभर उचलून नाकाशी नेला. प्लायवूडचा! कुठल्यातरी फर्निचरच्या दुकानातून पिशवी भरून आणून हातांनी शिंपडलेला. जावयाने लगबगीने त्यांच्या हातातली गुंडाळी घेतली आणि हत्यारं टेबलावर ओळीने लावली, लहानापासून मोठ्यापर्यंत, दुकानात मांडतात तशी. मग एप्रन घातला आणि आरशात बघून आला.

"हे काय चाललंय?" बाईंनी विचारलं.

"आई, आत ये ना जरा," बबडी म्हणाली, आणि त्यांना दंडाला धरून स्वयंपाकघरात घेऊन गेली.

तिथे सगळा उलगडा झाला. ऑफिसात छंदांचं प्रदर्शन भरलं होतं. जावयाने बंब नेऊन ठेवला. लोकांना वाटलं, यानेच केला. बंबाला पहिलं बक्षीस मिळालं.

"आणि तेव्हा त्याची दातखीळ बसली?" बाई म्हणाल्या.

"आई!"

"सासूबाईंनी केलाय. दोन शब्द आहेत. जीभ झिजली असती?"

"मोठ्या साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली गं त्याची. तेव्हा कसं सांगणार? साहेबांना स्वतःला शौक आहे याचा. आज ते मुद्दाम त्याची कामाची जागा बघायला येतायत." बबडीने आवाज खाली आणला. "वरच्या जागेसाठी दोघांचाच विचार चाललाय. एक हा आहे. आजच्या दिवस गप्प बस. माझ्यासाठी."

"आणि माझा बंब?"

"बंब कुठे पळून चाललाय? आणि तुला आता नावाचं काय करायचंय आई? तुझं ते आमचंच ना शेवटी?"

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जावयाचं एक वेळ सोडा. आयत्या बिळावर नागोबा ही काही जगात नवी गोष्ट नाही, आणि तो परक्याच्या घरचा. पण ही पोटची पोर! हिला ताप आला तेव्हा एका हाताने पट्ट्या बदलत दुसऱ्या हाताने बाईंनी दात घासले होते. हिला ठाऊक होतं त्या बंबाची शिडी किती वेळा मोडली आणि किती वेळा केली. आणि ही विचारते, नावाचं काय करायचंय! बाईंना वाटलं, एक सणसणीत ठेवून द्यावी. पण लेकीचे डोळे भरून आले होते, आणि तेवढ्यात बेल वाजली.

"चहा ठेव," बाई म्हणाल्या. गप्प बसेन असं त्या म्हणाल्या नाहीत. बबडी तसं धरून चालली, ही तिची चूक.

साहेब उंच, पिकल्या केसांचे आणि भलतेच उत्साही निघाले. बूट काढायच्या आधीच त्यांनी विचारलं, "कुठे आहे तो बंब?" जावयाने तो शोकेसमधून काढून गॅलरीतल्या टेबलावर आणून ठेवला. साहेब खुर्ची ओढून त्याच्यासमोर लहान मुलासारखे बसले. त्यांनी स्टिअरिंग फिरवलं, चाकं वळली, आणि ते आपणहून हसले. बाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या हसण्यावर खरं तर त्यांचा हक्क होता.

"गोंद कोणता वापरता?" साहेबांनी विचारलं. "माझा दर वेळी बाहेर फुटतो आणि डाग पडतात."

"परदेशी आहे," जावई म्हणाला. "जरा महाग पडतो, पण पक्का."

बाईंनी दाराची चौकट धरली.

"आणि रंग?"

"तीन हात द्यावे लागतात सर. रात्र रात्र जागावं लागतं."

खोटं बोलावं, पण रेटून बोलावं, म्हणतात. याला रेटताही येत नव्हतं. साहेबांनी एक ड्रिल उचलून उजेडात धरलं. "हे दातांच्या दवाखान्यात असतं तसलं दिसतंय."

"ऑनलाइन मागवलं," जावई म्हणाला आणि घाम पुसला.

बबडी चहा घेऊन आली. साहेबांचं लक्ष दारातल्या बाईंकडे गेलं. माणूस सभ्य होता, उठून उभा राहिला. "नमस्कार. या भुशाचा तुम्हाला त्रासच होत असेल. आमच्या घरी तर रोज भांडण."

बाई काही बोलणार, एवढ्यात जावईच बोलला. "आईंना यातलं काही कळत नाही हो सर. पण कौतुक फार! मी काम करत बसलो की तासन् तास बघत बसतात."

बबडीच्या हातातला ट्रे हलला आणि चहा बशीत सांडला. बाईंनी लेकीकडे पाहिलं. तिने मान खाली घातली आणि ती फडक्याने बशी पुसायला लागली. बाईंना त्या पुसण्याचा जितका राग आला, तितका जावयाच्या बोलण्याचाही आला नाही.

"बॉनेटखाली इंजिन दिसतंय," साहेब वाकून म्हणाले. "हे उघडतं का?"

"हो हो, उघडतं ना," जावई म्हणाला. उघडतं हे त्याने ऐकलेलं होतं, कसं ते कधी विचारलं नव्हतं. त्याने बॉनेट ओढून पाहिलं, दार ओढून पाहिलं. मग डाव्या हाताने टाकी दाबून धरली आणि उजव्या हाताने शिडी जोरात वर खेचली. लाकूड कर्रकन बोललं.

"हात काढ!"

बाईंनी जावयाला जन्मात कधी अरेतुरे केलं नव्हतं. त्याने खरंच हात काढला.

बाई टेबलापाशी आल्या. त्यांनी घंटा चिमटीत धरली, अर्धी फिरवली, ओढली. पाचर बाहेर आली, ती त्यांनी डाव्या मुठीत धरली. मग उजव्या हाताने शिडी उतरवली, टाकी उचलली, दारं, छप्पर, बॉनेट, इंजिन, इंजिनाचा पंखा, चाकं, आस, सगळं सुटं करून त्या एकेक तुकडा भुशात मांडत गेल्या. साहेबांनी एक तुकडा उचलला, त्याची खाच उजेडात नेऊन बघितली, बोट फिरवलं. गोंदाचा मागमूस नव्हता. त्यांनी तुकडा होता तिथे ठेवला आणि जावयाकडे पाहिलं.

"लावा जावईबापू," बाई म्हणाल्या. "तुम्हीच केलाय ना? मी बघत बसते. मला फार कौतुक."

"आईंची थट्टा करायची सवय..." जावई हसायला गेला. मग त्याने एक चाक उचललं, दुसरं उचललं, ते एका आसावर चढवून पाहिलं. आस पुढचा होता, चाक मागचं. ते बसेना. त्याने ते दाबलं.

"दाबू नकोस," बबडी म्हणाली.

तिने ट्रे खाली ठेवला आणि नवऱ्याच्या हातातून चाक घेतलं. साहेबांनी उठून तिला खुर्ची दिली. बबडी बसली. तिने आधी सगळे तुकडे नजरेखालून घातले, मग सांगाडा ओढून जवळ घेतला. मागचा आस, पुढचा आस, स्टिअरिंगचा दांडा. बोटं जरा अडखळली, मग चालायला लागली. लहानपणी जमिनीवर बसून करायची तशीच ती प्रत्येक तुकडा बसवण्याआधी त्याच्यावर फुंकर मारत होती. तिच्या डोळ्यांतलं पाणी टपटप टेबलावर पडत होतं आणि प्लायवूडच्या भुशात जिरत होतं. बाई बघत होत्या. कुणी म्हणेल, तेव्हा तरी आईचं मन विरघळलं असेल. मुळीच नाही. उलट त्यांचा राग वाढला. हिला सगळं येतंय. हिला सगळं आठवतंय. आणि तरीही ही बशी पुसत होती.

"अगं, राहू दे ना," जावई हळूच म्हणाला. बबडीने त्याच्याकडे बघितलं नाही. तिने टाकी बसवली, छप्पर बसवलं, शिडी सरकवून पाहिली. बंब पुन्हा उभा राहिला. आता उचलला असता, तर उचलणाऱ्याच्या हातात छप्पर आलं असतं आणि बाकीचा टेबलावर सांडला असता.

बबडीने हात पुढे केला. "आई, पाचर."

बाईंनी मूठ वर आणली, पण उघडली नाही.

"कुणाचा आहे बंब?"

जावयाने घसा खाकरला. साहेब कपाकडे बघत राहिले. बबडीचा हात तसाच पुढे होता, तळवा वर. तिने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बंबाकडे.

"तुझा," ती पुटपुटली.

शेजारी बसलेल्या माणसालाही ते ऐकू गेलं नसतं. बाईंची मूठ मिटलेलीच राहिली.

"मोठ्याने," त्या म्हणाल्या.