गोळीची सुट्टी

मी एक मोजणीचा जुना काउंटर आहे, आणि बारा दिवस एका उत्तर न दिलेल्या पत्रावर बसून आहे. मित्रांनो, माझा घाट साधा: मुठीत मावणारं पोलादी डबडं. अंगठ्याने दाबलं की टिक्, आकडा एकाने पुढे. गंजलो असेन, खोटा आकडा मात्र कधी दाखवला नाही.

माझी हयात प्रयोगशाळेत गेली. सर सूक्ष्मदर्शकातून पाहायचे आणि दुभंगणारी पेशी दिसली की मला दाबायचे. पेशीत एक विकर, म्हणजे एन्झाइम, असतं. त्याने इशारा दिला की एकीच्या दोन होतात. कर्करोगात तो इशारा थांबतच नाही. त्या विकरालाच अडवणारं औषध सरांनी घातलं, आणि माझा आकडा तीनशेवरून अकरावर आला. रक्त घडवणाऱ्या निरोगी पेशीही थबकल्या. पण औषध धुऊन काढताच पुन्हा दुभंगू लागल्या. मेल्या नव्हत्या, थांबल्या होत्या.

"अंगठा चुकला असेल," मोठे साहेब म्हणाले.

सरांनी नऊ वेळा मोजलं. नऊही वेळा मी तेच सांगितलं. शंका सरांना होती, मला नव्हती.

पुढे त्या औषधाची गोळी झाली, मोजणारी यंत्रं आली. सर निवृत्त झाले, आणि मी शून्यावर येऊन त्यांच्या घरच्या टेबलावर कागद दाबायला लागलो.

पत्र प्रयोगशाळेत काचा धुणाऱ्या मावशींचं होतं. "सर, फोनवर ऐकू येत नाही म्हणून लिहिते. आता मीच ती गोळी घेते. तीन आठवडे गोळी, एक आठवडा सुट्टी. आजार कधी सुट्टी घेतो का? पुढची सुट्टी वीस तारखेला. तेव्हाही गुपचूप घेऊ का? डॉक्टरांना विचारलं तर ओरडतील."

सर रोज लिहायचे, रोज फाडायचे.

आज धूळ पुसताना सुनेने मला उचललं आणि पत्र वाचलं. "बाबा, एवढ्या कागदात प्रबंध झाला असता!"

"मी डॉक्टर नाही गं. माझं चुकलं तर?"

"आज सोळा तारीख. तुम्ही गप्प राहिलात, तर मावशी गोळी घेणार."

सरांनी मला मुठीत धरलं आणि एका दमात लिहिलं: "मावशी, सुट्टीत गोळी घेऊ नका. त्या आठवड्यात तुमचं रक्त सावरतं. हे आम्ही नऊ वेळा मोजलंय, काचा तुम्हीच धुतल्या होत्या. आजाराचं डॉक्टरांनाच विचारा. ओरडू देत."

मला खिशात टाकून सर निघाले, आणि कोपऱ्यावरच्या टपालपेटीत पाकीट पडलं. खिशात सरांचा अंगठा माझ्यावर आला.

टिक्.

एक.