तोफ ठेवायची की काढायची

डॉक्टरांचा दातांचा दवाखाना रविवारी बंद असायचा, म्हणून क्लबची बैठक तिथेच भरायची. बाहेरच्या खोलीत पेशंटांच्या खुर्च्या, भिंतीवर दाढेचं आतून दाखवलेलं चित्र, आणि जुनी मासिकं बाजूला सारून टेबलावर मांडलेले चहाचे कप. तिघंच जण होते. क्लबचे अध्यक्ष म्हणजे खुद्द डॉक्टर, एके काळी गोल सांभाळणारे आणि आता बेकरी सांभाळणारे काका, आणि हॉकी संघाची कोच, वहिनी.

खरं तर ती एकट्या तोफेची वहिनी. तोफ हा तिचा धाकटा दीर. बचावाच्या फळीत खेळायचा, आणि पेनल्टी कॉर्नरला असा फटका हाणायचा की समोरचा गोलकीपर आधी स्वतःला वाचवायचा आणि मग गोलाचं बघायचा. तिला क्लबात त्यानेच आणलं होतं. "आमची वहिनी तुम्हा सगळ्यांपेक्षा भारी खेळते," असं छाती फुगवून सांगायचा, आणि ते खोटंही नव्हतं. पुढे ती कोच झाली, आणि तोफेचं ऐकून ऐकून पोरांनीही तिला वहिनीच करून टाकलं. एरवी ती लोकांना गाडी चालवायला शिकवायची. नवशिक्याच्या हाती स्टिअरिंग देऊन शेजारी निवांत बसणाऱ्या बाईला आणखी कशाची भीती वाटणार, असं तिचा नवरा म्हणायचा.

यंदा लीगने संघात सोळाच खेळाडू ठेवायला सांगितले होते. पंधरा नावं चहा गार व्हायच्या आत ठरली. घोडं अडलं ते सोळाव्यापाशी. एकीकडे तोफ, दुसरीकडे मुंगी. मुंगीही बचावातलाच, अंगाने किरकोळ, पण पाय असे चपळ की मैदानात कधी कुठून उगवेल याचा नेम नाही.

"यात बोलायचंय काय?" डॉक्टर म्हणाले. "तोफ राहील. मुंगीचं पुढच्या वर्षी बघू."

"भाऊजी जातील," वहिनी म्हणाली. "मुंगी राहील."

डॉक्टरांनी कप खाली ठेवला. "घरात काही बिनसलंय का, वहिनी?"

"घरात सगळं झकास आहे. बिनसलंय ते मैदानात. भाऊजींना वळायला वेळ लागतो. गेल्या वर्षी आपण खाल्लेले निम्मे गोल त्यांच्या बाजूने आले. ती बाजू झाकायला मी मधल्या फळीतला गडी मागे ओढते, मग पुढे चेंडू द्यायला कोणी उरत नाही. एकाच्या पायी दोघांचा खेळ जातो."

"आणि कॉर्नर? तसा फटका दुसरा कोण मारणार?"

"कोणीच नाही. कॉर्नरचे गोल कमी होतील, हे आत्ताच कबूल करते. पण कॉर्नर मिळतो कधीमधी. वळावं लागतं सारखंच."

काका खाकरले. "सामना हातचा जायला लागला की तोफ आरडाओरडा करून पोरांना पेटवतो. मुंगी काय करणार? तो तर पास मागायलाही लाजतो."

"खरंय, काका. त्याला माझ्याकडे उत्तर नाही," ती म्हणाली. "तरीही माझं मत मुंगीलाच."

काकांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. "मला काढलं तेव्हा कोणी तोंडाने सांगितलंसुद्धा नव्हतं. जर्सी वाटल्या, माझी आलीच नाही. मी वेड्यासारखा रांगेत उभा. त्याला कोण सांगणार?"

"मी. आजच, घरी गेल्यावर."

"मग माझंही मत तुला."

डॉक्टरांनी हात वर केले. "हरलो, तर लोकांना तोंड तुम्ही द्यायचं!"

"देईन की."

घरी तोफ स्वयंपाकघरात बसून स्टिकच्या मुठीला नवी पट्टी गुंडाळत होता. वहिनी समोर खुर्ची ओढून बसली आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगून मोकळी झाली. त्याचे हात थांबले.

"मी तुला क्लबात आणलं, वहिनी."

"म्हणूनच दुसऱ्या कोणाला सांगू दिलं नाही."

"डॉक्टरांनी काढलं असतं, तर समजून घेतलं असतं. पण तू?"

"डॉक्टर तर तुम्हाला ठेवा म्हणत होते. काढा म्हणाले ती मीच."

तो उठला आणि स्टिक तिथेच टाकून बाहेर गेला. तिला वाईट वाटलं. पण चुकलं असं काही वाटलं नाही.

मग घरात अबोला सुरू झाला. निरोप सासूबाईंमार्फत जायचे. "तिला सांग, माझा टॉवेल सापडत नाही." शेवटी सासूबाई वैतागल्या. "ती समोर बसलीय, मी काय पोस्टमन आहे? आणि तू, सूनबाई, काढायचंच होतं तर आधी त्याचं लग्न तरी होऊ द्यायचं. आता दिवसभर माझ्या डोक्याशी!" नवरा वर्तमानपत्राआड हसत राहिला.

एका सकाळी तोफ आपणहून तिच्यासमोर येऊन बसला. खालच्या लीगच्या एका संघाने त्याला बोलावलं होतं. "जाऊ का?" त्याने विचारलं.

"पाहिलंय मी त्यांना. सगळी कोवळी पोरं, वाऱ्यासारखी पळतात. पण कोणी कुठे उभं राहायचं हे सांगणारा एक नाही. तिथे तुम्हाला पळावं लागणार नाही, ओरडावं लागेल."

"आणि कॉर्नर?"

"सगळे तुमचेच. जा डोळे झाकून."

मोसम सुरू झाला. वहिनीचा संघ पहिला सामना हरला, आणि डॉक्टरांचा फोन लगेच आला. "काय म्हणत होतो मी?"

"मुंगीच्या बाजूने एक तरी गोल आला का?" तिने विचारलं. डॉक्टरांनी फोन ठेवला. पुढचे दोन सामने संघाने जिंकले, तेव्हा फोन आला नाही.

सुट्टीच्या शनिवारी ती तोफेचा सामना बघायला गेली. तो मागे उभा राहून पोरांवर खेकसत होता, आणि पोरं त्याचं देवासारखं ऐकत होती. शेवटी कॉर्नर मिळाला. फटका असा बसला की गोलामागची फळी वाजली. वहिनी हात लाल होईपर्यंत टाळ्या पिटत राहिली.

खेळ संपल्यावर तो धापा टाकत तिच्याकडे आला. "कसा खेळलो?"

"झकास. पण मध्यंतरानंतर दमलात."

"माझं कौतुक तुझ्या तोंडून अख्खं कधी निघणार, वहिनी?" तो हसत म्हणाला, आणि पोरांनी हाक मारली तसा त्यांच्याकडे वळला.