मंगळवारी आई, शनिवारी बाबा

मी हेडफोन बोलतोय. हिंगणघाटच्या बसस्टँडसमोर सुलोचनाताईंचं सायबर कॅफे होतं. तिथल्या कोपऱ्यातल्या केबिनमध्ये माझी नेमणूक होती. दोन हजार सहा साल असेल. दुबईतल्या भावाशी बोलायला आलेली माणसं मला डोक्यावर चढवून अशी ओरडायची, की बाहेरच्या रिक्षावाल्यांनाही घरची खबर कळायची.

पौर्णिमाताई मात्र कुजबुजत. दर मंगळवारी दुपारी यायच्या. त्यांची एकुलती एक मयुरी नववीत असताना सिकलसेल या रक्ताच्या आजारानं गेली. मूल गमावलेले आईबाप इंटरनेटवर एकमेकांशी बोलत, अशा एका गटाचा पत्ता त्यांना दवाखान्यातल्या समुपदेशक बाईंनी दिला होता. नाशिकचे मधुकरराव गट चालवत. त्यांचाही मुलगा गेलेला. मंगळवारी आया बोलत, शनिवारी वडील.

आधी ताई नुसत्या ऐकायच्या. एकदा जळगावच्या एका आईनं विचारलं, "तुमच्या मयुरीला काय आवडायचं हो?" लोक आजाराचंच विचारत, असं कुणी विचारलं नव्हतं.

"चिवड्यातले दाणे येचून खाये," ताई म्हणाल्या, आणि माझ्या माइकवर थेंब पडले.

मग मनातलं हळूहळू बाहेर आलं. "पोरीले हे माह्या रक्तातून आलं. घरी मालक तिचं नावच काढत नाईत. कोन्त्या तोंडानं बोलू त्यायच्याशी?"

शनिवारी तहसील कचेरीतले रत्नदीपभाऊ यायचे. त्यांनाही गटाचा पत्ता त्याच समुपदेशक बाईंनी दिला होता. "माह्यामुळेच झालं तिले," ते म्हणायचे. "बायकोसमोर मयुरीचं नाव घ्याची हिंमत नाई होत."

मयुरी! मी दचकलोच. आईबाप दोघांकडून आला तरच हा आजार होतो, असं डॉक्टरांनी दोघांना समजावलं होतं. प्रत्येकानं आपापला वाटा तेवढा लक्षात ठेवला होता. आणि मी? मला फक्त पोचवता येतं, सांगता येत नाही.

ऑक्टोबरात भारनियमन वाढलं. मंगळवारी वीजच नसायची. मधुकररावांनी आयांनाही शनिवारी बोलावलं.

पौर्णिमाताई आल्या. "बसा ताई, आत एक भाऊ आहेत," सुलोचनाताई म्हणाल्या. केबिनला दार नव्हतं, नुसता पडदा. आत भाऊ बोलत होते :

"शाळा सुटाच्या वेळी मी अजूनबी सायकल घेऊन फाटकाजवळ जातो. साऱ्या पोरी निघून जातपर्यंत थांबतो. घरी सांगतो, ऑफिसात उशीर झाला."

पडदा सरकला.

"अन् मले वाटे, तुमाले घरी यावंसंच वाटत नाई!"

भाऊ एकदम उठले. माझी वायर ताणली गेली. "तू? इथं?"

"मंगळवारी येत असते मी."

"काऊन नाई सांगतलं?"

"तुमी सांगतलं?" ताईंचा आवाज चिरकला. "माह्याकडून गेलं तिले, म्हून..."

"तुह्याकडून नाई. माह्याकडून."

"माह्याकडून!"

दोघं तिथंच भांडत राहिली. दोष दुसऱ्याला द्यायला कुणीच तयार नव्हतं. माझ्यातून मधुकररावांचा बारीक आवाज येत होता, "रत्नदीपभाऊ, आहात ना?"

त्यानंतर सगळं नीट झालं, असं मी म्हणणार नाही. कधी दोघं एकत्र येत, कधी एकटंच कुणीतरी, डोळे सुजवून. पण आता घरी मयुरीवरून भांडण तरी होई, हे मी दोघांकडून ऐकलं.

आता कॅफेच्या जागी मोबाइल रिचार्जचं दुकान आहे. मी सुलोचनाताईंच्या खोक्यात पडलोय, वायर तुटलेली.

ती तुटली त्या शनिवारी यवतमाळची एक नवी आई गटात आली होती. नुसता तिचा श्वास ऐकू येत होता. माइकशी डोकी टेकवून दोघं तिला म्हणाली, "बाई, बोलू नका. नुसत्या राहा. आमी आहो इथं."

तेवढ्यात माझा आवाज गेला.

ती पुढे बोलली का, मला कळलं नाही. तुम्हाला कुठे भेटली, तर घाई करू नका. तिच्याजवळ थांबा.