टोपी काढणारा माणूस

"सीना, आज फक्त एकदा 'छान आहे' एवढंच म्हण. माझ्यासाठी म्हण," आलिडा टर्ब्लांश काकुळतीला येऊन म्हणाली आणि दुधाच्या टार्टवर दालचिनी भुरभुरवू लागली.

"म्हणते की. टार्ट छानच झालाय."

"टार्टला नव्हे गं, पुस्तकाला! तो माणूस थेट केप टाउनहून गाडी हाकत येतोय."

"येऊ दे. दुपारी दोनला नाही आला म्हणजे मिळवली."

आलिडाने कपाळावर हात मारून घेतला. हाताचं पीठ कपाळाला लागलं आणि ते तसंच घेऊन ती पाहुण्यासाठी खुर्च्या मांडायला गेली. सीनाने ते तिला मुद्दामच सांगितलं नाही.

गेसीना कामीसने उभा जन्म डोरिंगफ्ले गावाच्या सहकारी भांडारात काउंटरमागे काढला. मेंढ्यांची औषधं, काटेरी तार आणि गमबूट विकता विकता काउंटरखाली मांडीवर एक पुस्तक उघडं असायचं. गिऱ्हाईक फार बडबडं निघालं, तर "तुमचं चालू द्या" म्हणून ती सरळ पान उलटायची. गावात वाचकमंडळ होतं. प्रत्येकीने वर्षाला एक पुस्तक विकत घ्यायचं, ती पुस्तकं कापडी पिशवीतून घरोघर फिरायची आणि महिन्यातून एकदा कुणाच्या तरी बैठकीत बसून सगळ्यांनी त्यांच्यावर भांडायचं. भांडणात सीनाच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती.

तिची मतं ठाम होती. कादंबरीत पहिल्याच पानावर बाई आरशासमोर उभी राहिली, की सीना ती पिशवीत परत टाकायची. "आरशात बघायला माझ्याकडेही आरसा आहे," ती म्हणायची. कादंबरीत कुत्रा दिसला की ती आधी शेवटचं पान बघून घ्यायची. कुत्रा जिवंत असला तरच पुढे वाचायची. माणसं मेली तर तिची फारशी हरकत नसे. मोठ्या घराण्यांच्या तीन पिढ्यांच्या जाडजूड कादंबऱ्या मात्र तिला मनापासून आवडायच्या, कारण त्यांत भांडणं भरपूर असत आणि जेवणंही.

पण तिचा खरा जीव जडला होता तो आफ्रिकान्स भाषेतल्या प्रवासवर्णनांवर. आणि त्यांनाच ती सगळ्यात कडक होती. "कादंबरीवाल्याने माणसं खोटी लिहिली तर बिघडत नाही," ती सांगायची. "त्यांच्या घरी जायला कुणी निघत नाही. प्रवासवाल्याने रस्ता खोटा लिहिला तर कुणाचं तरी टायर फुटतं." आणि जो लेखक 'एका म्हातारीने मला कॉफी दिली' एवढंच लिहून पुढे जातो, तिचं नावही विचारत नाही, त्याला ती प्रवासी मानायचीच नाही. तो नुसता तहानलेला माणूस.

हे वेड तिला लागलं ते नवऱ्यामुळे. आबेल रस्तेखात्याचा ग्रेडर, म्हणजे मुरूम सपाट करणारं यंत्र, चालवायचा. सोमवारी मुरमाच्या रस्त्यांवर निघायचा, रात्री रस्त्याकडेच्या खोपटात झोपायचा आणि शुक्रवारी धुळीने माखून घरी यायचा. तो दिसला की सीना आधी खिडक्या लावून घ्यायची आणि मग त्याला अंगणातच झटकायची. शनिवारी ती त्याला प्रवासवर्णनं वाचून दाखवी आणि तो डोळे मिटून मध्ये मध्ये दुरुस्त्या करी. "तिथे वळण नाहीच. चढ आहे." त्याला पुस्तकाशी देणंघेणं नव्हतं, रस्त्याशी होतं. घरात मात्र तो पक्का कामचुकार. नळ दुरुस्त करी, नळी तशीच गळत ठेवी. "नळापर्यंतचं माझं, सीना. पुढचं देवाचं." देवाच्या वाट्याला त्या घरात बरीच कामं आली होती.

अशाच एका शनिवारी वेसेल हाटिंग नावाच्या नवख्या लेखकाचं पहिलं पुस्तक वाचताना सीना एका वाक्यावर थबकली. त्या रस्त्यांवर समोरून गाडी आली की सगळे स्टिअरिंगवरचं एक बोट उचलतात; तेवढा रामराम पुरतो. पण हाटिंगने लिहिलं होतं, 'पिवळ्या यंत्रावर उभ्याने काम करणाऱ्या एका माणसाने मला पाहून टोपी काढली.'

"आबेल, हा तू!"

"छे! टोपी वाऱ्याने उडाली असेल कुणाची तरी."

"उभ्याने ग्रेडर चालवणारा आणि टोपी काढणारा आणखी कोण आहे सांग."

"वाच पुढे," आबेल म्हणाला, पण त्याचे कान लाल झाले होते.

आबेल जाऊन आता काही वर्षं झाली होती. पुस्तकांतली हजारो माणसं सीनाच्या ओळखीची होती, पण पुस्तकातल्या त्या एकाच माणसाला तिने अंगणात झटकलं होतं. आणि तो तोच होता की नाही, हे जगात एकट्या वेसेल हाटिंगला ठाऊक असणार. आज तो वाचकमंडळात येणार होता; त्याला विचारायचं, असं तिने ठरवलं होतं.

अडचण एवढीच, की त्याच्या नव्या पुस्तकात डोरिंगफ्लेवर एक प्रकरण होतं आणि त्यावर आज तिलाच बोलायचं होतं. 'रस्त्यावर माणूस नाही, कुत्रंही नाही. सगळे पडदे ओढलेले. हे गाव मेलं आहे, फक्त त्याला कुणी कळवलेलं नाही.' आणि हे केव्हा पाहिलं? जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, रविवारी, जेवणानंतर! खरं बोलावं तर माणूस दुखावणार आणि टोपीची गोष्ट तिथेच राहणार. खोटं बोलावं, तर आयुष्यभर पुस्तकांशी खरेपणाने वागून आज कशासाठी?

हाटिंग आला. पुस्तकांवरून सीनाला तो दांडगा वाटला होता. प्रत्यक्षात एक सडपातळ, लाजरा, उन्हाने नाक सोललेला म्हातारा टोपी चुरगाळत दारात उभा होता. आलिडाने त्याच्या हाती टार्टची बशी दिली आणि सीनाकडे पाहून डोळ्यांनी हात जोडले.

सीना उठली.

"मिनीर हाटिंग," तिने अदबीने सुरुवात केली, "तुमची सगळी पुस्तकं मी वाचलीत. काही दोनदा. तुमच्याइतकं पाण्याच्या टाकीवर सुंदर कुणी लिहिलेलं नाही." आलिडाने सुटकेचा निःश्वास टाकला. "पण आमच्या गावावरचं प्रकरण वाचून मला तुमची दया आली."

"सीना!" आलिडा कुजबुजली.

"अगं, दयाच आली! भर उन्हात एवढा माणूस आला आणि त्याला कुणी सांगितलं नाही, की बाबा, आम्ही झोपलोय. मिनीर, त्या वेळी आमचा पाद्रीसुद्धा झोपतो. चोर झोपतात. तुम्ही जे मेलेलं गाव लिहिलंत ना, ते घोरत होतं. जरा थांबून कान दिला असता, तर ओम फ्लोरिसचं घोरणं तरी तुम्हाला ऐकू आलंच असतं."

"मला कशाला मध्ये ओढतेस?" कोपऱ्यातून म्हातारा ओम फ्लोरिस गुरगुरला.

"खोटं आहे का? तुझ्यामुळे शेजारची कोंबडी अंडी घालेना!"

सगळी बैठक खो खो हसत सुटली. आलिडासुद्धा हसली आणि हसू दाबताना तिचा हात कपाळाला लागून ते पीठ एकदाचं तिला सापडलं. फक्त हाटिंग हसत नव्हता. बशीकडे पाहत बसला होता. सीनाला वाटलं, संपलं. बोललीस ना बये, आता बस. ती खाली बसली.

जेवणाला मेंढीचं मटण आणि बेदाण्यांचा पिवळा भात होता. सीना मुद्दाम टेबलाच्या टोकाला जाऊन बसली. हाटिंग आपलं ताट उचलून तिच्या शेजारी आला.

"टानी," तो काकीला हाक मारावी तशा आदराने म्हणाला, "त्या दिवशी मी गाडीतून उतरलोच नव्हतो. काच खाली करून पाहिलं आणि निघालो. प्रकरण मुक्कामाला पोचून लिहिलं."

"ते वाचतानाच कळलं," सीना म्हणाली. "जिथे उतरता तिथे तुम्ही वासाचं लिहिता. इथे वासच नाही."

आता मात्र तो हसला, अगदी मोकळा. आणि त्या हसण्याच्या जोरावर सीनाने विचारून टाकलं.

"तुमच्या पहिल्या पुस्तकात ग्रेडरवरचा एक माणूस आहे. टोपी काढतो."

हाटिंगचा काटा हवेतच राहिला. "तो! त्याच्याशी तर मी बोललो होतो. त्याने यंत्र थांबवलं, खाली उतरला. मी विचारलं, पुढे रस्ता कसा आहे? तर मला म्हणतो कसा, 'फाटकापर्यंतचा रस्ता माझा आहे, मिनीर. निवांत जा. फाटकापुढचा देवाचा आहे, तिथे प्रार्थना करत जा.'"

सीनाने चमचा खाली ठेवला. तिला हसू आलं, रडू आलं आणि दोन्ही एकदमच बाहेर पडलं. आबेलचं एक वाक्य, तिने कधीच न ऐकलेलं, इतकी वर्षं या परक्या माणसाच्या डोक्यात पडून होतं आणि आज ताजंच्या ताजं तिच्या ताटाशी आलं होतं.

"हे लिहिलं का नाहीत?" तिने डोळे पुसत दरडावून विचारलं.

"लिहिलं होतं. संपादकाला वाटलं, मी रचलंय. म्हणून टोपी ठेवली, वाक्य काढलं." तो ओशाळला. "आणि नाव तर मी विचारलंच नव्हतं."

"आबेल कामीस. माझा नवरा."

"आबेल कामीस," हाटिंग म्हणाला आणि मग पुन्हा एकदा, सावकाश, पाठ करावं तसं म्हणाला.

"आता पुरे," आलिडा हुकूम सोडत उठली. "दोन वाजत आले. मिनीर, पलंग तयार आहे. बूट काढा आणि आडवे व्हा. या गावावर पुन्हा लिहायचं असेल तर आधी इथे झोपून दाखवा!"

तो निमूट गेला. पडदे ओढले गेले. डोरिंगफ्ले नेहमीसारखं मेलं. सीना आपल्या पलंगावर पडली, पण तिला झोप कसली येते? "फाटकापुढचा देवाचा," ती छताकडे पाहून पुटपुटायची आणि एकटीच खुदकन हसायची. फार सुखाची दुपार होती ती.

उन्हं कलली तसं गाव उठलं. दारं उघडली, किटल्या चढल्या, कुत्री आळस देत रस्त्यावर आली, पोरांनी चेंडू काढला आणि ज्याचा त्याचा ओटा बोलू लागला. हाटिंगची गाडी या गर्दीतून वाट काढत हळू हळू चालली होती. गालावर उशीची वळी उमटलेली, काच पूर्ण खाली. सीनाच्या ओट्यासमोर येताच त्याने डोक्यावरची टोपी काढली आणि गाव संपेपर्यंत ती हातातच धरली.

सीनाने रस्त्याच्या रिवाजाप्रमाणे एक बोट वर केलं. गाडीमागून मुरमाची धूळ उठली आणि संथपणे घराकडे सरकली. खिडक्या सगळ्या उघड्या होत्या. ती लावायला उठली नाही.