साडेतीन मिनिटं

गिल आजोबांनी कॉम्प्युटर गोधडीत गुंडाळून भाजी आणायच्या ढकलगाडीवर दोरीनं बांधला होता, आणि छंगपाचा चढ उतरून ते योंगसानच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारापर्यंत चालत आले होते. प्यो मी-रानच्या दुकानासमोर गाडी थांबवून ते आधी धापा टाकत उभे राहिले.

"मालकीणबाई, हा टकटक करतोय."

"बंद केलात ना?"

"टकटक ऐकली आणि तारच उपटली."

"शहाणे आहात. लोक दहादा चालू-बंद करून मग माझ्याकडे रडत येतात."

मी-रान बावीस वर्षं या बाजारात होती. आजूबाजूचे निम्मे गाळे ओस पडले होते, पण मरायला टेकलेल्या डिस्कवरून माहिती काढायची तर लोक अजून तिचंच नाव सांगत. तिनं खोका उघडला, डिस्क काढून उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "आत काय आहे?"

"बायकोचं आहे सगळं. योन-सुनचं. पत्त्यांचा खेळ आहे, आणि रोज एक ओळ लिहून ठेवते ती. अकरा वर्षं झाली." आजोबा थोडं थांबले. "दोन वर्षांपासून ती विसरायला लागलीय. मुलीचं नाव विसरली. पण याच्यासमोर बसली की बोटं बरोबर चालतात. म्हणून म्हणतो, डिस्क बदला, पण अश्शीच दुसरी घाला. तिला कळता कामा नये."

"अश्शी आता कोण घेतं, आजोबा? ही तव्यासारखी गरगर फिरते, म्हणून झिजते. नव्या डिस्कमध्ये फिरणारं काही नसतंच. आवाज नाही, बिघाड कमी, आणि बटण दाबलं की दहा सेकंदांत हजर. आजीबाई खूश होतील."

आजोबांनी मान डोलावली. जाणत्या माणसापुढे आपण काय बोलणार, असा त्यांचा चेहरा होता.

काम चिकट निघालं. डिस्कचे चांगले भाग तिनं आधी उतरवून घेतले, मग खराब जागांवर पुन्हापुन्हा फिरली. मध्येच डिस्क तापायची, की तिला थंड होऊ द्यायचं आणि परत लावायचं. तिसऱ्या दिवशी दुपारी शेवटचा तुकडा आला. नव्या डिस्कवर सगळं जिथल्या तिथे बसलं. फाइल उघडते का पाहायला म्हणून तिनं योन-सुनची वही उघडली. 'आज मुळ्याचं सार. म्हातारा खोकतोय.' 'आज दोन डाव जिंकले. म्हाताऱ्याला सांगितलं नाही, चिडवतो.' पुढचं वाचणं बरं नव्हे म्हणून तिनं लगेच बंद केली. पण हसू आलंच.

"एक अक्षर हरवलं नाही," कॉम्प्युटर परत देताना ती म्हणाली. तिला स्वतःचाच अभिमान वाटत होता.

आठ दिवसांनी आजोबा परत आले. हात रिकामे होते.

"काय झालं? बंद पडला?"

"नाही हो. छान चालतो. फारच छान चालतो." ते स्टुलावर बसले. "कसं सांगू... पूर्वी सुरू व्हायला साडेतीन मिनिटं लागायची. मी मोजलीत ना. ती बटण दाबायची, नाशपाती सोलायला घ्यायची आणि बोलत बसायची. आईचं, गावचं, शाळेचं. दिवसभर गप्प असणारी बाई तेवढा वेळ बोलायची, आणि मला नावानं हाक मारायची. बाकी दिवसभर मी कोण, ते तिला ठाऊक नसतं."

मी-राननं हातातलं काम बाजूला ठेवलं.

"आता बटण दाबलं की पडदा भस्सकन उजळतो. ती दचकते. 'हा माझा नाही, माझा कुणी नेला?' म्हणते, उठते आणि परत बसत नाही. काल मलाच चोर म्हणाली." आजोबा कसंनुसं हसले. "तुमची चूक नाही, मालकीणबाई."

"माझीच आहे. तुम्ही अश्शीच मागितली होती. मी ऐकलं नाही."

त्याच दिवशी दुकानाचं शटर अर्धं ओढून ती बाजारभर हिंडली. चौथ्या मजल्यावर जुना माल विकणाऱ्या उमच्या पेट्यांत तिनं हात काळे करून घेतले.

"वेडी झालीस काय? नवी काढून जुनी घालणार?" उम म्हणाला.

"हो. अजून हळू असेल तर तीही दाखव."

त्याच जातीची, थोडीच वापरलेली एक सापडली. दुसऱ्या दिवशी मी-रान स्वतः चढ चढून आजोबांच्या घरी गेली, नव्या डिस्कवरचं सगळं तिनं या जुन्या पद्धतीच्या डिस्कवर उतरवलं आणि ती बसवली.

योन-सुनला आजोबांनी खुर्चीवर आणून बसवलं. "दाब," ते म्हणाले. तिनं दाबलं नाही. त्यांनीच तिचं बोट धरून बटण दाबलं. डिस्क घरघरायला लागली. पडदा काळाच होता. आजोबांनी नाशपाती आणि सुरी तिच्यापुढे सरकवली. ती नाशपातीकडे बघत राहिली. एक मिनिट गेलं. मी-रान भिंतीला पाठ लावून उभी होती. आपल्या श्वासाचाही आवाज होऊ नये असं तिला वाटत होतं.

शेवटी आजोबांनीच सुरी उचलली आणि सोलता सोलता बोलायला लागले. "एक मुलगी होती. मोकफो गावची. शाळेत जायला नको म्हणून ती मासळीच्या होडीत लपून बसली, आणि होडी सुटली की समुद्रात."

योन-सुननं मान वर केली. "अगं बाई. मग?"

"मग काय, तीन दिवसांनी परत आली. आईनं झोडपलं."

"बिचारी. पुढं काय झालं तिचं?"

"माझ्याशी लग्न केलं तिनं."

"सुखात राहिली का?"

आजोबांची सुरी थांबली. "विचारायचं राहून गेलं," ते म्हणाले.

पडद्यावर खेळाचे पत्ते उमटले. योन-सुननं तिकडे पाहिलंही नाही. ती फोड खात होती आणि आजोबांना, दारी आलेल्या परक्याशी बोलावं तशी, आणखी सांगा म्हणत होती.

मी-राननं हत्यारं पिशवीत भरली. आजोबा दारापर्यंत आले.

"आठ दिवसांपूर्वीच ही बसवली असती तर..." ती म्हणाली.

"कोण जाणे," आजोबा म्हणाले. "घसरण तर चालूच होती." मग आतून हाक आली, "अहो, ते गोष्ट सांगणारे!" आणि ते घाईघाईनं वळले.

मी-रान चढावरच्या पायऱ्या उतरू लागली. अर्ध्या वाटेत एका ओट्यावर बसली आणि बराच वेळ तिथून उठलीच नाही.