जीवरामभाऊंचा परस

मी धुळ्यात मराठी शिकवतो, आणि एकदा बोलायला लागलो की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. स्वतःच्याही नाही, हे गेल्या महिन्यात कळलं.

कॉलेजात माझं व्याख्यान होतं, मोजमापाच्या जुन्या शब्दांवर. वीत, हात करत मी 'परस'वर आलो. "परस म्हणजे मूळचा पुरुष. माणसानं विहिरीत उभं राहून हात वर केला की जेवढी खोली भरते, तेवढा एक परस," मी म्हणालो. इथवर ठीक होतं. पुढे जीभ वळवळली. "हे मला पिंपळनेरकडच्या एका विहीर खोदणाऱ्या म्हाताऱ्यानं सांगितलं."

तो म्हातारा माझा बाप. कॉलेजात मात्र मी सांगून ठेवलंय की वडील कॉन्ट्रॅक्टर होते. पंधरा वर्षं झाली या थापेला.

आणि शेवटच्या रांगेत आबा बसलेले! माझ्या बायकोनं, नूतननं, मला न सांगता त्यांना बोलावून घेतलं होतं. तुमच्याच शब्दावर बोलणार आहेत म्हणून. धुतलेली टोपी घालून पहिल्या एसटीनं आले होते.

आबांना राहवेना. ते उठलेच. "पन परस कोना, ते सांगा ना. टोळीमा जो सर्वात उच्चा, त्याना परस धरूत आम्ही. मजुरी परसवर राहे, मालक फसाले नको. माप देवाले मीच उतरू." आणि त्यांनी हात वर करून दाखवला. सगळं सभागृह वळून बघत होतं.

प्राचार्यांनी कौतुकानं विचारलं, "बाबा, आपण कोण? सरांच्या ओळखीचे का?"

आबांनी माझ्याकडे पाहिलं. "मी जीवराम. सर येतस आमना गावले, इचारतस. मोठा मानूस शे."

माईक माझ्याच हातात होता. मी म्हणालो, "आभारी आहे, जीवरामभाऊ."

टाळ्या पडल्या. सांगायला लाज वाटते, पण त्या क्षणी मला सुटल्यासारखं वाटलं.

कार्यक्रम संपल्यावर आबा तडक स्टँडवर निघाले. मी मागे धावलो. "आबा, घरी चला. नूतननं स्वयंपाक केलाय."

"नको. घर कोनी पाहुना उना, त इचारी, ह्या कोन शेतस? मंग तुले परत खोटं बोलनं पडी."

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. माझी पंचाईत होऊ नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. चार शिव्या घातल्या असत्या तर मी पाय तरी धरले असते.

ते पिंपळनेरच्या गाडीत बसले. मीही चढलो आणि कंडक्टरला मोठ्यानं म्हणालो, "हे माझे वडील. विहिरी खोदायचे." गाडीत सात-आठ माणसं होती. कॉलेजातलं कुणी नव्हतं.

"बरं मग?" कंडक्टर म्हणाला. "उतरा खाली, गाडी सुटते."