पोटातली ऊब

"पंख आवळ आधी, पंख! न्हाईतर डोळं फोडंल तुझं," धुरपदामावशी शेजारच्या ओट्यावरून ओरडल्या.

रोशनबीनं तिकडं लक्ष दिलं नाही. तिनं चित्रीचे दोन्ही पंख एका मुठीत धरले आणि तिला पाण्याच्या घमेल्यात पोटापर्यंत बसवलं. कोंबडीनं असा काही कालवा केला की गल्लीतली झोपलेली कुत्री उठून उभी राहिली. धुरपदामावशी माळकरी. त्यांनी जन्मात कोंबडीला हात लावला नव्हता, पण सल्ला द्यायला गळ्यातली माळ आडवी येत नाही. त्यातून कोंबडीची खुडूक मोडावी ती रोशनबीनंच, हे साऱ्या न्हावरे गावाला ठाऊक. कुणाची कोंबडी अंडी द्यायची सोडून खुराड्यात फुगून बसली, जवळ गेलं की टोचायला लागली, की बायका तिला पदराखाली घालून हिच्याकडं घेऊन यायच्या.

उपाय साधाच होता. पोट गार करायचं, दिवसभर उघड्या जमिनीवर डालग्याखाली कोंडायचं आणि बुडाखाली गवताची काडीसुद्धा येऊ द्यायची नाही. "बसून बसून पोटात ऊब धरती," रोशनबी सांगायची. "ती ऊब गेली की मन उठतं. मग आपसूक चरायला लागती."

एरवी तिनं चित्रीला अंड्यांवर बसवलंही असतं. पण चैत्राच्या उन्हात उबवायची अंडी नासतात. शिवाय तिला खायची अंडी हवी होती. जन्नतला अंडं फार आवडायचं, आणि बकरी ईद झाली की रोशनबी तिला भेटायला दौंडला जाणार होती.

जन्नत म्हणजे नणंद चांदबीची पोरगी. चांदबीला बाळंतपणानंतर छातीचं दुखणं लागलं, लेकरू जवळ घ्यायचं नाही असं डॉक्टरनं बजावलं, तेव्हा रोशनबीचा नवरा इनुस बहिणीच्या घरी जाऊन तान्ह्या भाचीला घेऊन आला. रोशनबीला स्वतःचं मूल नव्हतं. शेळीच्या दुधावर तिनं पोरगी जगवली आणि शाळेत घालायच्या वयाची केली. बायका म्हणायच्या, आई म्हणू दे की तिला. रोशनबीनं ते होऊ दिलं नाही. "मी मामी हाय, मामीच म्हणंल," असं ती ठणकावून सांगायची. रात्री पोरगी पोटाशी येऊन झोपली की मग कोण काय म्हणतं याच्याशी तिला देणंघेणं नसायचं.

पुढं चांदबी बरी झाली. शिमग्यानंतर तिचा नवरा मेहमूद, दौंडला रेल्वेच्या लोको शेडात इंजिनं धुणारा-पुसणारा खलाशी, येऊन लेकीला घेऊन गेला. रोशनबीला दम निघेना. थोड्याच दिवसांत ती भेटायला गेली, तर जन्नतनं तिच्या गळ्याला मिठी मारून असा आकांत केला की क्वार्टरांतली माणसं दारात जमली. निघताना चांदबी तिच्यामागं रस्त्यापर्यंत आली. तिचेही डोळे भरलेले होते.

"भाबी, पाया पडती तुमच्या. ईदपत्तुर येऊ नगा. तिची सवय मोडू द्या. माज्याकडं बघंनाच झालीया ती."

चांदबीचं तरी काय चुकत होतं? रोशनबी मान हलवून यष्टीत बसली. तेव्हापासून पोरगी तिकडं रमावी असंही तिला वाटायचं आणि रमू नये असंही. पहिलं ती चारचौघांत बोलून दाखवायची, दुसरं मनातच ठेवायची.

चित्री मात्र हट्टाला पेटली होती. डालगं उचललं की धावत सुटायची ती खुराड्यात, आणि रिकाम्या भुईवर पंख पसरून बसायची. रोशनबी तिला उचलून पुन्हा पाण्यात बुडवायची. इतकी वर्षं इतक्या कोंबड्यांची खुडूक मोडली, पण कधी हात अडखळला नव्हता. आता अडखळायला लागला. चित्री पुन्हा खुराड्याकडं पळाली की तिला आतून बरंच वाटायचं.

आणि एक दिवस सकाळी डालगं उचललं तर चित्रीनं अंग झटकलं, खुराड्याकडं ढुंकूनही न बघता ती उकिरड्यावर गेली आणि उकरायला लागली.

"मोडली गं बाई!" धुरपदामावशी ओट्यावरून ओरडल्या. "हात हाय खरा तुजा!"

रोशनबी डालगं हातात धरून तशीच उभी राहिली. तिला कोंबडीचा राग आला. एवढा जीव लावून बसली होतीस, आणि बसल्याची आठवणसुद्धा नाही?

इनुस मारुतरावांच्या मळ्यातल्या इंजिनावर कामाला होता. तो निघायच्या बेतात होता.

"चित्रीचं मन उठलं," ती म्हणाली.

"मग बरंच झालं की. आता अंडी देईल."

"जन्नतचं बी उठलं आसंल."

इनुस पायांत वहाणा घालता घालता थांबला. "माणसाचं लेकरू हाय ते," तो म्हणाला. "कोंबडी हाय व्हय?"

ईद झाली तशी रोशनबी डब्यात भुसा घालून, त्यात अंडी लावून निघाली. डबा तिनं रस्ताभर मांडीवरून खाली ठेवला नाही.

जन्नतनं तिला लांबूनच ओळखलं. "मामी आली!" म्हणत ती पळत आली आणि तिच्या कमरेला विळखा घालून लोंबकळली. रोशनबीचा जीव भांड्यात पडला. मग पोरीनं तिला बाहुली दाखवली, इंजिनाला पाणी कुठं भरतात ते हात धरून नेऊन दाखवलं, उकडलेलं अंडं तिच्याच हातून खाल्लं. उगाच मेली मी काळजी करत बसले, असं रोशनबीला वाटलं.

दुपारी ऊन तापलं. मेहमूद कामावर गेला होता. दोघी नणंद-भावजय भिंतीला टेकून शेजारी शेजारी बसल्या होत्या. चांदबीच्या मांडीवर तांदळाचं सूप होतं, खडे निवडता निवडता ती सासरचं काहीबाही सांगत होती. समोर खेळणारी जन्नत पेंगायला लागली. डोळे चोळत उठली. तिचं हे उठणं रोशनबीला पाठ होतं. तिनं लांबवलेले पाय आवरून मांडी घातली, पदर सारखा केला.

जन्नत तिच्या गुडघ्यावर हात टेकवून, तोल सावरत पलीकडं गेली आणि चांदबीच्या मांडीवरचं सूप ढकलायला लागली.

"अगं, मामीकडं झोप की," चांदबी घाईनं म्हणाली. तिला वर बघवेना. "किती दिसांनी आलीया मामी."

"न्हाई. तुज्याकडं."

चांदबी तशीच बसून राहिली. जागा करून द्यावी तर भाबीच्या देखत, आणि न द्यावी तर पोरगी रडकुंडीला आलेली.

रोशनबीनं हात लांब केला, चांदबीच्या मांडीवरचं सूप उचललं आणि आपल्या मांडीवर घेतलं.

"झोपू दे तिला," ती म्हणाली. "तांदूळ मी निवडती."

आणि खाली मान घालून ती खडे शोधायला लागली.